हिरवा दिवा, कुंकवाचं बोट

पालघर, बोईसर, तारापूर या बाजूला माणसं नोकरीला जातात, केळव्याला हवा खायला जातात, मासळीसाठी तर उजाडायच्या आत जातात. लाटांना शिस्त लावायला गेलेला माणूस बहुधा मी एकटाच. परत आल्यापासून मी उशीवर बसून जेवतो आहे, आणि शेजारी ‘कसा झाला प्रवास?’ हे माझ्याकडे नव्हे, उशीकडे बघून विचारतात. तेव्हा एकदाचं सगळं लिहूनच टाकतो.

आधी मी तिथे कशाला गेलो ते सांगायला हवं. पुण्यात आमची एक छोटी कंपनी आहे. पोहता आमच्यातल्या एकालाही येत नाही, पण काम वेगवान बोटींचं. अशी बोट भर वेगात लाटेवर चढली की क्षणभर पाणी सोडते, हवेत जाते आणि आपटते. आपटते तेव्हा खालचं पाणी पाणी राहत नाही, शहाबादी फरशी होतं. वर्षानुवर्षं असे दणके खाऊन चालकांच्या पाठीचे मणके चेपतात. आमची पेटी बोटीच्या नाकाडावर बसते. तिला कॅमेरा आहे, बोट किती कलली आणि किती आपटली हे टिपणारे सेन्सर आहेत, आणि आत मशीन लर्निंग म्हणतात ते प्रकरण. म्हणजे मशीनला नियम सांगायचे नाहीत. ढीगभर लाटा दाखवायच्या, त्यांचे दणके दाखवायचे, आणि कुठल्या लाटेमागून कसा दणका येतो हे त्याचं त्यालाच शिकू द्यायचं. शिकलं की ते येणाऱ्या लाटेकडे बघून, दणक्याच्या दोन श्वास आधी, दिवा लावतं. हिरवा म्हणजे जा. पिवळा म्हणजे सांभाळ. लाल म्हणजे वेग कमी कर. कल्पना चांगली आहे. माकडहाड ठणकत असतानाही मला ती चांगली वाटते, म्हणजे खरंच चांगली असणार.

तारापूरच्या खाडीत अशी एक बोट आहे. समुद्रात दूरवर पाण्याची मोजमापं घेणारी तरंगती यंत्रं नांगरून ठेवलेली आहेत. ती तपासणाऱ्या तंत्रज्ञांची ने-आण करणं हे तिचं काम. दिवाळीनंतर आमचा एक सहकारी तिच्यावर पेटी बसवून आला होता. दिवा नव्हता, नुसतं टिपून घ्यायचं होतं. त्या नोंदींवर मी पुण्यात पंख्याखाली बसून मशीनला शिकवलं. आणि फाल्गुनात, दिवा पिशवीत घालून, स्वतः निघालो.

बोईसर

लॉजचा मॅनेजर उत्तर प्रदेशातला. मी कशाला आलोय ते त्याने विचारलं, मी सांगितलं. तो विचारात पडला.

“लहर का मशीन? पर लहर तो दिख जाती है ना, साहब?”

मी त्याला दिसणं आणि कळणं यांतला फरक सविस्तर समजावून दिला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अच्छा. गरम पानी सुबह छह से आठ.”

संध्याकाळी बोटीचा चालक मला न्यायला आला. जनार्दनभाऊ. पन्नाशीचा, उंच, छाती काढून चालणारा. छाती काढण्याचं अर्धं श्रेय शर्टाच्या आत बांधलेल्या रुंद पट्ट्याला होतं, हे नंतर कळलं. तो राहतो शिरगावला. रोज सकाळी मोटारसायकलवरून बायकोला तिच्या मासळीच्या पाटीसकट बोईसरच्या बाजारात सोडतो, पुढे तारापूरला बोटीवर जातो, येताना तिला घेऊन घरी. “आज जेवायला आमच्याकडं. लॉजचं खाल तर उद्या लाटेची गरजच नाय, आधीच उलटी.”

बाजारात हेमाताई उरलेली कोलंबी आवरत बसल्या होत्या. मला पायापासून डोक्यापर्यंत बघून त्यांनी नवऱ्याला विचारलं, “हेच का मशीनवाले?” आवाजात थोडी निराशा होती. माझी उंची मी गाडीतच विसरून आलो असेन, अशी.

त्या दोघांची मोटारसायकल पुढे आणि माझी रिक्षा मागे, अशी आमची वरात निघाली. रस्ता खड्ड्यांचा. आमचा रिक्षावाला सारखा करवादत होता. “हा पुढचा बघा! प्रत्येक खड्ड्याला काय नमस्कार घालतो? मोटारसायकल चालवतोय का पालखी?” मी हसलो. ज्या गोष्टीसाठी मी पुण्याहून इथवर आलो होतो ती माझ्या नाकासमोर खड्ड्याखड्ड्यात घडत होती, आणि मी हसलो.

घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दारात बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, जबडे एकमेकांत अडकवून. पुण्यात आमच्या सोसायटीत कुणी गच्चीत पापड वाळत घातले तरी सूचना फिरते. इथे अख्ख्या वस्तीचं दुकान उन्हात टांगलेलं, आणि तक्रार फक्त कावळ्यांची. आत ताटात बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी आली. मी शहाण्या माणसासारखा बोंबील सोलायला बसलो, काटा शोधायला. बराच वेळ शोधला. हेमाताईंना राहवेना.

“भाऊ, त्यात काय हरवलंय तुमचं?”

“काटा.”

“बोंबलाचा काटा कोण काढतं? तोंडात सोडा नुसता. तोच जातो.”

जेवताना जनार्दनभाऊच्या बढाया चालल्या होत्या. या किनाऱ्यावर त्याच्याएवढी जोरात बोट कुणी नेत नाही. बाकीचे लाट बघून घाबरतात, इंजिनाची रेस सोडतात. “मी नाय सोडत. रेस सोडणं आपल्याला म्हायतच नाय.” दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भात वाढून घेता घेता सांगितलं. हेमाताई ओठ दाबून कढईकडे बघत होत्या.

तेवढ्यात दारात शेजारीण आली. त्यांच्या होडीला नवं इंजिन बसणार होतं. “हेमाबाय, परवा सकाळी ये गं हात लावायला.” गेल्यावर जनार्दनभाऊने खुलासा केला. गल्लीत कुणाचं नवं इंजिन, नवं जाळं, काहीही आलं की पहिलं कुंकू हेमाताईंच्या हातचं. त्यांनी लावलेलं इंजिन भर समुद्रात कधी बंद पडलं नाही म्हणे. “इंजिनवाला गॅरंटी देतो वर्षाची. हिची कायमची.” बढाई मारायला त्याला बायकोही चालत होती.

हात धुवायला मी मागच्या दारी गेलो तेव्हा हेमाताई तांब्या घेऊन पाठोपाठ आल्या. आवाज उतरलेला.

“भाऊ, खरं सांगा. ह्याचा मणका चेपलाय. डॉक्टर बोलला, आणखी एक मोठा दणका, आणि मग बोट नाय, काही नाय, धड बसता पण नाय येणार. माझ्या भावानं कारखान्यात स्टोअरची जागा बघून ठेवलीय. हा जात नाय. बोलला, मशीन येतंय, मशीननं दणके टळले तर बोट, नाय टळले तर स्टोअर. माझा त्याचा तसा बोल झालाय. तुमचं मशीन वाचवेल ह्याची पाठ?”

इथे कुठल्याही जबाबदार माणसाने म्हटलं असतं, ‘ताई, अजून चाचणी व्हायची आहे.’ मी ओला हात छातीवर ठेवला आणि म्हणालो, “शंभर टक्के.”

खाडीच्या तोंडाशी

दुसऱ्या दिवशी मी ठरवलेल्या वेळी, बूट घालून, कडक इस्त्रीत तारापूरच्या धक्क्यावर हजर झालो. बोट होती. पाणी नव्हतं. बोट चिखलात म्हशीसारखी बसली होती. ओहोटी नावाची एक गोष्ट असते हे मला माहीत होतं, पण ती कामकाजाच्या वेळेतही येते हे लक्षात नव्हतं. जनार्दनभाऊ धक्क्यावर बसून वडापाव खात होता.

“या पुणेकर. टायमावर आलात. पाणी तेवढं लेट हाय.”

पाणी दुपारी आलं. पाण्याबरोबर हेमाताईही आल्या, बाजार आटपून, हातात पिशवी. नारळ, हळद, कुंकू, फुलं. पेटी नवी नव्हती, पण दिवा नवा होता, आणि नवऱ्याची पाठ त्या दिव्यावर टाकायची होती. पूजेशिवाय त्या बोट सोडू देणार नव्हत्या. त्यांनी बोटीच्या नाकाडाला हळद लावली, नारळ फोडून अर्धा खाडीला दिला, दिव्याला फूल वाहिलं आणि पेटीला कुंकवाचं बोट लावलं. पेटीसमोर डोळे मिटून त्या जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. मी बाजूला उभा राहून प्रसादाचं खोबरं खात होतो आणि मनात म्हणत होतो, बाई, हात जोडायचे तर मला जोडा, शिकवलंय मी.

मग आम्ही दोघंच निघालो. खाडीच्या तोंडापाशी वाऱ्याने पाणी उभं राहिलं होतं. मी जनार्दनभाऊला पुन्हा बजावलं. “हे बघा, आज परीक्षा मशीनची आहे. तुम्ही लाटेकडे बघायचं नाही, दिव्याकडे बघायचं. हिरवा असेपर्यंत रेस अजिबात हलवायची नाही.”

“मी कधीच हलवत नाय,” तो म्हणाला.

पहिल्या काही लाटा छान गेल्या. दिवा हिरवा, बोट मजेत उड्या मारत होती, आणि मी मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढत होतो. त्या व्हिडिओत पुढचं सगळं आहे. मी म्हणतोय, “आता बघा, ही समोरची मोठी लाट.” मोठीच होती, उभी, माथा किंचित पुढे झुकलेला. दिवा हिरवा. नुसता हिरवा नाही, ठाम हिरवा. व्हिडिओत जनार्दनभाऊचा आवाज येतो, “हिरवा हाय?” आणि माझा, “हिरवा! जाऊ द्या!”

मग आकाश दिसतं. मग माझा एक बूट दिसतो. मग जो आवाज आहे तो आमच्या ऑफिसात पुन्हा कुणी ऐकत नाही.

मी सीटच्या काठावर आपटलो; माकडहाडाची ओळख तिथे झाली. जीभ चावली. उठून बघतो तर जनार्दनभाऊ सुकाणू धरून उभा, पांढराफटक, आणि हळूहळू खाली बसत चाललेला. ओरडला नाही. “पाय कळत नाय,” एवढंच बोलला आणि बोटीच्या तळात आडवा झाला.

बोट परत आणली ती मी. चालण्याच्या वेगाने. तो आडव्यानेच आकाशाकडे बघत रस्ता सांगत होता. “धक्का डाव्या हाताला ठेवा... डाव्या... पुणेकर, घड्याळ हाय त्या हाताला!” मधेच म्हणाला, “बरी चालवता. म्हातारी बाय देवळात चालली असं वाटतं.” मला हसू येईना. तो मला धीर देत होता, आणि त्याची बोटं आपल्याच पायाला चिमटे काढत होती.

धक्क्यावरच्या लोकांनी त्याला फळीवर घालून उचललं. बोईसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पायांत मुंग्या आल्या, आणि मुंग्या आल्या म्हणून मी रडलो. तपासण्या झाल्या. पाय वाचले. मणका आणखी बसला होता. बोट सुटल्यावर घरी गेलेल्या हेमाताई धावत आल्या. नवऱ्याला बघून, डॉक्टरांशी बोलून त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“भाऊ, दिवा लागला नाय का?”

“लागला. हिरवा लागला.”

“का?”

का ते मला माहीत नव्हतं. आणि माहीत नसताना गप्प बसायला जे धैर्य लागतं ते माझ्यापाशी नव्हतं. मी पेटी मनातल्या मनात डोळ्यांपुढे आणली, आणि मला तिच्यावरचं कुंकवाचं बोट दिसलं. मी म्हणालो, “कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकू गेलं असेल. त्याला लाट दिसलीच नसेल.”

बोलून गेलो.  त्यांनी उजव्या हाताची बोटं पदराला पुसली. एकदा पुसली, मग पुन्हा पुसली. नखाच्या कडेला लाल राहिलं होतं.

शिरगाव

दुसऱ्याच सकाळी, हलायचं नाही या अटीवर, जनार्दनभाऊला घरी सोडलं, तेव्हा मी फळं घेऊन गेलो. त्याला जमिनीवर सतरंजी घालून सपाट निजवलं होतं. मला बघून म्हणाला, “या. उशी आणलीत का बसायला?” तो होता तसाच होता. घर तसं नव्हतं.

आम्ही बोलत असतानाच परवाची शेजारीण दारात आली. इंजिन बसलं होतं, नारळ आणला होता, सगळे खोळंबले होते. हेमाताई बोंबील उलटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दुसऱ्या कोणाला ने.”

“अगं पण तुझाच हात...”

“माझा हात आता नको लावूस कशाला. माझ्या घरचं बघतेस ना कसं झालं ते.”

शेजारीण आल्या पावली परत गेली. जनार्दनभाऊ छताकडे बघत होता. फळांची पिशवी माझ्या हातातच राहिली. कुठलीही तपासणी न करता, केवळ स्वतःला गप्प बसवेना म्हणून, मी एका बाईचा हात तिच्यापासून काढून घेतला होता.

मी रिक्षा केली, लॉजवर आलो आणि पेटीतून उतरवून घेतलेल्या नोंदी उघडल्या. ते मी आधीच करायला हवं होतं. केलं नव्हतं, कारण कुंकवावर भागत होतं.

कुंकू होतं. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका. आणि खाली, संपूर्ण चित्रात, ती लाट. स्वच्छ, उभी, झुकलेला माथा आणि त्यावरचा फेससुद्धा दिसत होता. मशीनने ती बघितली होती, नीट बघितली होती, आणि ओळख पटवून सांगितलं होतं की या लाटेने काही होत नाही.

मग मी दिवाळीनंतरच्या जुन्या नोंदी काढल्या. तशा लाटा शोधल्या. बऱ्याच होत्या. प्रत्येकीनंतरचा दणका बघितला. मामुली. सगळ्यात उंच, सगळ्यात वाईट दिसणाऱ्या लाटांनंतरचे दणके सगळ्यात मऊ. मशीनचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला जे दाखवलं तेच ते शिकलं होतं. पण समुद्र असा वागत नाही. चहा थंड झाला. शेवटी मी दुसरं काही सुचेना म्हणून इंजिनाच्या वेगाची ओळ लाटांच्या खाली लावून बघितली. ती नोंद पेटीत पहिल्यापासून होती. मशीनला दाखवायची गरज मला वाटली नव्हती.

प्रत्येक वाईट लाटेच्या जरा आधी ती ओळ खाली जात होती. एवढीशी. आणि लाट गेली की पुन्हा वर.

ज्या घरात दूध वर येताच गॅस बारीक करणारी बाई आहे, त्या घरात मी महिनोन्महिने पातेलं न्याहाळत बसलो होतो आणि जगाला सांगायला निघालो होतो की दूध उतू जात नसतं. वर त्या बाईलाच सांगितलं होतं, गॅसला हात लावू नका.

लॅपटॉप काखेत मारून पुन्हा शिरगाव. मॅनेजरने विचारलं, “लहर दिखी, साहब?” मी म्हटलं, “हाँ. दिखी.”

या वेळी मी उभ्याउभ्याच सांगितलं, नाहीतर पुन्हा काहीतरी सबब बोलून गेलो असतो. “हेमाताई, काच स्वच्छ होती. तुमच्या कुंकवाने काही झालेलं नाही. मी न बघता बोललो. चूक माझ्या शिकवण्यात आहे.” आणि ती लाट त्यांना दाखवली, कोपऱ्यातला ठिपका दाखवला. त्या लॅपटॉपपाशी वाकल्या आणि बराच वेळ ठिपक्याकडेच बघत राहिल्या.

“मग हिरवा का लागला?”

आता दुसरं माणूस दुखवायचं होतं. मी जनार्दनभाऊकडे वळलो. “तुम्ही मोठ्या लाटेआधी रेस सोडता. दर वेळी. त्यामुळे दणका बसतच नाही. मशीनला वाटलं, ही लाटच गरीब आहे.”

“मी?” तो उठायला गेला, कळ आली, पुन्हा टेकला. “खोटं हाय. मी रेस सोडत नाय. विचारा कोणालाही.”

“ही बघा ओळ.”

“तुमच्या ओळीला काय विचारता! काल पण बोलली हिरवा!”

 उत्तर मागून आलं. हेमाताई हसत होत्या. त्या घरात पाऊल ठेवल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, आणि आता त्या तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या.

“सोडतोस. मला म्हायत हाय. मोटरसायकलवर मी मागं बसले, मांडीवर पाटी असली, की खड्डा यायच्या आधी तुझा हात ढिला पडतो. रोज. बोईसरपर्यंत. वरती गावभर सांगतो, मी कुठं रेस सोडत नाय!”

“पाटीतली मासळी उडते म्हणून,” तो पुटपुटला.

“आणि बोटीत कुठली मासळी होती?”

“बोटीत माणसं असतात ना! साहेब लोकं. लागलं बिगलं कोणाला तर?” एवढं बोलून तो थांबला. आपण कबूल झालो हे त्याच्या ध्यानात आलं. मग छताला सांगावं तसं म्हणाला, “एकटा असलो की नाय सोडत. एकटा असलो की कशाला?”

मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. तंत्रज्ञांना यंत्रापाशी सोडून तो रिकामी बोट परत आणत असे, आणि पुन्हा घ्यायला रिकामीच नेत असे. आमच्या सहकाऱ्याने पेटी अशी लावून दिली होती की माणसं बसली की सुरू करायची, उतरली की बंद. उगाच जागा कशाला भरा. म्हणजे पाठ मोडली त्या फेऱ्या आमच्याकडे नव्हत्याच. आमच्याकडे होत्या त्या सगळ्या, कुणाला तरी जपून आणल्याच्या.

हेमाताईंचं हसू थांबलं होतं.

“एकटा म्हणजे?” त्या म्हणाल्या. “एकटा म्हणजे कोण नसतं रे बोटीत?”

 त्या उठल्या. बाहेर जाऊन बोंबील उलटायला लागल्या. सकाळी उलटलेलेच होते, तरी उलटत राहिल्या.

पुन्हा खाडी

डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते कुणालाच नवं नव्हतं. वेगाची बोट बंद. चालेल, फिरेल, हलकं काम करेल. बोल झाला होता तसं जनार्दनभाऊ पुढच्या महिन्यापासून कारखान्याच्या स्टोअरमध्ये जाणार. “दर्या दिसत नाय तिथून,” तो म्हणाला. “वास येईल बोललो, तर वास पण कारखान्याचाच.”  शंभर टक्के हा शब्द मी आता वापरत नाही.

पुण्याच्या मंडळींशी बोलून आम्ही मशीनला पुन्हा बसवलं शिकायला. या वेळी रेसची ओळ दाखवून. विचारायचं ते बदललं: दणका किती बसला, एवढंच नाही, जपणाऱ्या हाताने इथे रेस सोडली असती का? सोडली असती तर दिवा लाल. हे काम अजून पक्कं नाही, उसवलेल्या शिवणीवर घातलेला टाका आहे. खरे दणके कसे असतात ते कळायला सीटवर माणसांऐवजी वाळूची पोती ठेवून फेऱ्या माराव्या लागतील, आणि ते व्हायचंय. पण टाका घातला.

पंधरवड्यानंतर, निघायच्या आदल्या दिवशी, भरती बघून (हो, बघून) मी धक्क्यावर गेलो. बोटीवर बदली चालक आला होता, बडबड न करणारा माणूस. तो रिकामी बोट घेऊन एक फेरी मारणार होता. दिवा लाल झाला की रेस सोडायची, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. मी जाणार नव्हतो, माझी उशी मला किनाऱ्यावरच हवी होती. रिक्षातून जनार्दनभाऊ उतरला, पट्टा बांधून, हेमाताईंच्या खांद्याला धरून. त्यांच्या हातात पिशवी होती. पण त्या ती उघडेनात. पेटीपासून दूर उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, “ताई, कुंकू?”

“राहू दे.”

“दिवा जुना, पण शिकवण नवी आहे. मी तरी न लावता पाठवणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं, पुन्हा काही थापा मारतोय का ते. मग बोटीच्या कडेला वाकल्या. करंगळीशेजारचं बोट करंड्यात बुडवलं आणि हवेतच धरून विचारलं, “काच कुठली ते दाखवा आधी.” मी दाखवली. त्यांनी काचेपासून चांगलं हातभर दूर, पेटीच्या पाठीवर, बोट टेकवलं.

बोट निघाली. खाडीच्या तोंडाशी पाणी त्या दिवशीसारखंच उभं होतं. आम्ही तिघं कठड्याला टेकून बघत होतो. बदली चालक जोरात नेत होता. इंजिनाचा आवाज एका सुरात येत होता. मग एक लाट उठली, झुकलेल्या माथ्याची. दिवा काही आमच्याकडून दिसत नव्हता. 

माझ्या शेजारी कठड्यावर जनार्दनभाऊचा उजवा हात होता. मूठ वळलेली. ती मूठ नकळत मागे आली, एवढीशीच, कठड्यावर काही नसताना.

आणि समोर इंजिनाचा आवाज उतरला. बोट लाटेवर चढली, पलीकडे टेकली, आणि आवाज पुन्हा वर गेला.

मी आनंदाने ओरडलो आणि हेमाताईंकडे बघितलं. त्या बोटीकडे बघत नव्हत्या. त्या कठड्यावरच्या मुठीकडे बघत होत्या.

जनार्दनभाऊने मूठ सोडली. मग म्हणाला, “एकटा होता बोटीत.” आणि थोडं थांबून, “तरी सोडली.”